घाटकोपर ते बोरिवली, सहा लिव्हरांसह

"मामी, शुक्रवार मिळाला," स्नेहल फोनवर म्हणाली. "मॅडम एकदाच बघणार. पटलं तर दर आठवड्याला, नाही पटलं तर विषय बंद."

स्नेहल माझ्या नणंदेची मुलगी. आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. बोरिवलीच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते आणि अंधेरीत भाड्याच्या खोलीत राहते. मॅडम म्हणजे तिच्या विभागाच्या प्रमुख. आणि पटायचं होतं ते मी घाटकोपरच्या माझ्या स्वयंपाकघरात बनवलेलं लिव्हर.

या ब्लॉगवर आधी मी नागपूर आणि वेरूळच्या सहलींबद्दल लिहिलं. आजचा प्रवास मुंबईतल्या मुंबईत, दोन दिवसांचा आहे. घाटकोपरच्या आमच्या भटवाडीतून निघून पवई, अंधेरी, बोरिवली आणि परत. पाहण्यासारखं काय आहे असं कुणी विचारेल. मला एक काळी रेघ पाहायची होती. ती काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

माझे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे. अडीच वर्षांपूर्वी कामावर घसरून एक मजला खाली पडले. कपड्यांवरची धूळ झटकून स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात गेले, कारण बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत रक्त साचत होतं. सोनोग्राफीचं मशीन त्याच खोलीत होतं, पण त्यात ते रक्त कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला.

पुढे काही महिन्यांनी मी स्नेहलला म्हटलं, मला समजेल असं सांग. मी नववीपर्यंत शिकलेय, पण वाचायला मला काहीही चालतं. विहारातल्या वाचनालयात शरीराबद्दल जे होतं ते सगळं मी वाचून काढलं होतं. तिने वहीवर चित्र काढलं. हे लिव्हर, ही किडनी. माणूस आडवा झोपला की पोटातलं रक्त बहुतेक वेळा या दोघांच्या मधे येऊन थांबतं. मशीनवर ते काळ्या रेघेसारखं दिसतं. शिकलेल्या हाताला ते दोन मिनिटांत सापडतं.

"मशीन होतं मामी," ती म्हणाली, "हात नव्हता."

हात तयार होत नाहीत त्याला कारणं आहेत. आजारी माणसाच्या पोटावर एकामागून एक दहा मुलांनी शिकायचं हे बरोबर नाही. शिकण्यासाठी कंपनीचे पुतळे मिळतात. त्यांची किंमत ऐकून मी विचारलं होतं, "त्यात दोन खोल्या आणि मोरी येते का?" मग स्नेहलने एक स्वस्त कृती शोधली. चायना ग्रास पाण्यात उकळायचं, त्यात इसबगोल घालायचं, डब्यात ओतून घट्ट होऊ द्यायचं. झालं लिव्हर. जाडसर मिश्रणाचा गोळा म्हणजे किडनी. दोघांच्या मधे पाण्याची चपटी पिशवी म्हणजे साचलेलं रक्त.

मी डबे करून देते, त्यामुळे मोठ्या पातेल्यांची सवय आहे. पिशवीची युक्ती माझी. मुलं उन्हाळ्यात चोखतात त्या पेप्सीच्या लांबट प्लास्टिक पिशव्या घेतल्या, उकळून गार केलेलं पाणी भरलं, हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही आणि मेणबत्तीवर तोंड बंद केलं. सहा ठोकळे केले. तिनांत रेघ, तिनांत नाही. कुठल्यात आहे ते फक्त माझ्याजवळच्या कागदावर. मिश्रणात इसबगोलाच्या गाठी झाल्या होत्या, म्हणून ओतण्याआधी ते मलमलच्या कापडातून दोनदा गाळून घेतलं. किडनीचं मिश्रण फार घट्ट होतं, ते कापडातून उतरेना, तसंच राहू दिलं. ठोकळे असे नितळ झाले की पलीकडची बोटं दिसत होती. माझं मलाच कौतुक वाटलं.

गुरुवारी सकाळी नऊला निघाले. चाकांची बॅग, आत सहा डबे, वजन दहा किलोच्या आसपास. घाटकोपर मेट्रोला बॅग तपासणीच्या यंत्रातून जाते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पडद्यावर काय दिसलं कोण जाणे, तिथल्या बाईंनी बॅग थांबवली.

"मावशी, डब्यात काय आहे?"

"लिव्हर," मी म्हणाले.

"कुणाचं?"

मागच्या रांगेतला एक माणूस दोन पावलं मागे सरकला. मी घाईघाईने झाकण उघडलं. बाईंनी जेलीला बोट लावलं, वास घेतला आणि आपल्या साहेबांना हाक मारली. साहेबांनीही बोट लावलं.

"खायचं आहे?"

"नाही. डॉक्टरांच्या शिक्षणासाठी आहे."

"मग लिव्हर कशाला सांगता मावशी? जेली सांगा ना. आमची वाट लावाल."

असं काही घेऊन जाणार असाल तर जेली सांगा. आणि कॉलेजचं पत्र असेल तर हाताशी ठेवा. माझं पत्र बॅगेच्या तळाशी होतं.

घाटकोपरहून गाडी सुटली की थोड्याच वेळात असल्फ्याची टेकडी दिसते. रंगवलेल्या घरांच्या भिंती, त्यांच्यावर पाण्याच्या काळ्या टाक्या. उजव्या बाजूला उभं राहायला मिळालं तर बघा. साकीनाक्याला उतरून पवईसाठी रिक्षा केली. चांदिवलीच्या रस्त्यावर खड्डे आहेत आणि खड्ड्यांमधे ट्रक आहेत. मी बॅग मांडीवर घेतली. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "आत बाळ आहे की काय?" मी म्हटलं, तसंच समज आणि हळू घे. त्याने खरंच हळू घेतली.

पवईला तन्वी भेटली. तिथल्या इंजिनिअरिंगच्या संस्थेत शिकते, राहणारी मुलुंडची, आणि बोलण्याचा वेग मुलुंडहून सुटलेल्या फास्ट गाडीचा. स्नेहलसाठी तिने प्लास्टिकचा खोटा प्रोब बनवला आहे. प्रोब म्हणजे पोटावर फिरवतात तो दांडा. त्याच्या आत हाताची हालचाल ओळखणारी चिप आहे. दांडा उशीवर ठेवून तिरका केला की लॅपटॉपवरचं चित्रही त्याप्रमाणे बदलतं.

"ही खऱ्या पेशंटची रेकॉर्ड केलेली चित्रं आहेत, मावशी. नाव-गाव काढून टाकलंय. मनगट कसं वळवायचं, एवढं यावर शिकता येतं."

"मग माझे ठोकळे कशाला लागतात?"

"यात आम्ही भरलंय तेवढंच दिसणार. तुमच्या ठोकळ्यांवर खरं मशीन चालतं. दाब कमी पडला, जेल कमी लावलं, तर चित्र बिघडणार. खऱ्यासारखं." तिने एक डबा उघडून उजेडात धरला. "काय झकास सेट झालंय! काचच."

"दोनदा गाळलंय," मी सांगितलं.

"वाटतंच ते."

ती इंजिनिअर, मी डबेवाली. दोघींनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

तिने मला तलावापर्यंत सोडलं. दुपारचं ऊन होतं, तरी झाडाखाली बरं वाटत होतं. पाण्यापलीकडे उंच इमारती, अलीकडे जलपर्णी. बाकावर बसून चटणी-भाकरी खाल्ली. मिस्टर या इमारतींपैकी दोन-तिनांच्या लिफ्ट सांभाळायचे. संध्याकाळी फोन करून सांगायचे, आज बगळे दिसले. मी फार वेळ बसले नाही. जेली उन्हात ठेवणं बरं नाही.

पवईहून अंधेरी पूर्वेला बस मिळते, पण जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर ती कधी पोहोचेल याचा भरवसा धरू नका. मला सव्वा तास लागला. स्नेहलच्या खोलीतल्या छोट्या फ्रिजमधे चारच डबे मावले. उरलेले दोन आम्ही परातीत पाणी घालून त्यात ठेवले. ती दिवसभर उभी होती, मी दिवसभर बॅग ओढली होती. नऊ वाजता दोघी झोपलो.

शुक्रवारी सकाळी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनवरून पुलाने चालत गुंदवलीला गेलो आणि दुसरी मेट्रो धरली. हा रस्ता मला फार आवडला. हायवेच्या डोक्यावरून गाडी जाते, आणि राष्ट्रीय उद्यान स्टेशन जवळ आलं की उजवीकडे एकदम जंगल सुरू होतं. स्नेहल तिथे बघत नव्हती. बॅगेचा हँडल घट्ट धरून बसली होती.

"मॅडम तशा वाईट नाहीत," ती म्हणाली. "पण मागे कुणीतरी कोंबडीच्या तुकड्यांवर शिकवायचा प्रयोग केला होता. खोलीला तीन दिवस वास. तेव्हापासून स्वयंपाकघरातलं काही आणलं की त्यांच्या कपाळाला आठी."

"जेलीला वास नाही येत."

"वासाची भीती नाही गं. आज फसलं तर मुलांना परत व्हिडिओच बघावे लागतील. व्हिडिओ बघून मीसुद्धा शिकले नव्हते."

कुणाला प्रश्न पडेल, की सोनोग्राफीचं मशीनच घाटकोपरला माझ्याकडे का नाही आणायचं, दहा किलो जेली कशाला फिरवायची? मशीन ज्या जागेवर नोंदवलेलं असतं तिथून ते मनाला येईल तसं हलवता येत नाही. मुलगा की मुलगी हे बघून गर्भ पाडत होते, म्हणून हा कायदा झाला. तो चांगलाच आहे. कॉलेजातल्या सोनोग्राफीच्या खोलीच्या दारावर तशी पाटीही होती. मशीन जागचं हलत नाही, म्हणून लिव्हरने प्रवास करायचा.

साडेदहाला मॅडम आल्या. पन्नाशीच्या, पायात रबरी चपला, चष्मा केसांत. मला "बसा ताई" म्हणाल्या. पहिला ठोकळा ताटात ठेवला. त्यावर चिकट जेल लावलं आणि स्वतः प्रोब टेकवला.

पडद्यावर मधे एक करडा गोळा दिसला. ती किडनी. तिच्या भोवती सगळं काळं.

त्यांनी दुसरा ठोकळा घेतला. तसाच. तिसरा, चौथा, अगदी सहावाही तसाच. मला काही कळत नव्हतं, पण स्नेहलचा चेहरा कळत होता.

"लिव्हर कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. "मशीनवर पाणी काळं दिसतं, रक्तही काळं दिसतं. तुमचं लिव्हरही काळं. काळ्यात काळी रेघ कशी शोधणार पोरं?" प्रोब ठेवला. "सहाच्या सहा पेशंटांचं पोट रक्ताने भरलंय. म्हणजे सगळेच गेले की."

त्यांना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. स्नेहलने माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही तिच्याकडे बघितलं नाही.

"मामी," तिने हळूच विचारलं, "इसबगोल घातलं होतंस ना?"

"घातलं होतं. मग गाळलं."

"गाळलं?"

"गाठी झाल्या होत्या. गाठी ठेवून कोण ओततं?"

स्नेहलने कपाळावर हात मारला आणि मग तिला हसू आलं. कृतीच्या कागदावर तिने 'नीट ढवळणे' लिहिलं होतं. 'गाळू नये' लिहायचं तिला कसं सुचणार? तिने कधी खरवस केला नव्हता, त्यामुळे गाठी दिसल्या की बायका आधी गाळणं शोधतात हे तिला माहीत नव्हतं. तो इसबगोलाचा भुसाच मशीनला हवा असतो. आवाजाच्या लाटा त्या बारीक कणांवर आपटून परत येतात, म्हणून चित्र करडं दिसतं. मी कण काढून टाकले. नितळ जेलीत लाटा परत यायला काही उरलंच नव्हतं.

मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. "पोरं तीन वाजता येतील. तोवर काही जमलं तर बघू. नाहीतर व्हिडिओ लावते."

त्या गेल्या. स्नेहल म्हणाली, "राहू दे मामी. पुढच्या वर्षी परत विचारू."

"चायना ग्रास परत वितळतं," मी म्हणाले. "इथे गॅस कुठे आहे?"

तळमजल्यावर कँटीन होतं. तिथले आचारी दळवीमामा मालवणकडचे. त्यांनी आमचे सहा डबे बघितले, स्नेहलचा पांढरा कोट बघितला.

"माझो भात उतरलो की गॅस तुमचो," ते म्हणाले. "पण बारा वाजता मुलां जेवूक येतली. मधे मधे येव नकात."

भात उतरेपर्यंत आम्ही दोन कामं केली. पहिलं, समोरच्या औषधाच्या दुकानातून इसबगोल. मी सहा मोठे डबे मागितले. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "मावशी, किती दिवस झाले?" स्नेहल पाठ वळवून हसत होती. मी पैसे दिले आणि डबे पिशवीत भरले.

दुसरं काम बर्फ. चायना ग्रास बाहेरही घट्ट होतं, पण एवढ्या जाड ठोकळ्याला वेळ लागतो आणि वेळच नव्हता. रिक्षाने दहा मिनिटांवर मासळी बाजार आहे. गोराईकडून आलेली एक कोळीण कुटलेल्या बर्फात पापलेटं रचत होती. नाकात मोठी चमकी, दंडापर्यंत ओले हात.

"म्हावरा नको, निस्ता बर्फ?" तिने विचारलं. "कुनी गेला काय गो तुमचा?"

"नाही," स्नेहल म्हणाली. "जेली लावायची आहे."

"बर्फ शंभर रुपये."

"मावशी, बर्फ आहे, पापलेट नाही."

"मंग पापलेट घे. बर्फ फुकट देते."

पापलेटाचा भाव ऐकून आम्ही बांगड्यांवर तडजोड केली. आठ बांगडे घेतले, वर बादलीभर बर्फ मिळाला. तिने निघताना बर्फात मूठभर खडे मीठ टाकलं. "असा लवकर गार करतो. तुमी डाक्तर लोक, तुमाला काय म्हाईत." बोरिवलीला गेलात तर हा बाजार चुकवू नका. सकाळी अकरापर्यंत मासळी ताजी असते.

बांगडे मी दळवीमामांना दिले. त्यांनी एकेक उलटून कल्ले तपासले, आणि मोठी शेगडी आपण होऊन आमच्याकडे सरकवली.

मी ठोकळे कापले, किडन्या आणि पिशव्या बाजूला काढल्या, बाकीचं पातेल्यात टाकलं. वितळलं. इसबगोल घातलं. त्याच्या गाठी व्हायला लागल्या. खरं सांगते, तिथे टांगलेल्या गाळण्याकडे माझा हात गेला होता. स्नेहलने मनगट धरलं.

"मामी."

"सवय आहे गं."

मग रवी मागितली आणि ताक घुसळतात तशी, पण सावकाश, गाठी मोडत राहिले. जोरात घुसळलं तर हवा शिरते, आणि हवेचाही मशीनला त्रास होतो म्हणे. मिश्रण बोट बुडवता येईल इतकं कोमट झालं तेव्हा डबे अर्धे भरले. किडनी ठेवली. ज्यांत रेघ हवी त्यांत पिशवी लावली, चपटी करून, बोटाने दाबून. वरून उरलेलं ओतलं. डबे परातीत, परात बर्फात. या वेळी ठोकळे गढूळ दिसत होते, आंबोळीच्या पिठासारखे. माझ्या घरी असं काही झालं असतं तर मी टाकून दिलं असतं.

पावणेतीनला स्नेहलने पहिल्या ठोकळ्यावर प्रोब टेकवला. पडद्यावर रवा पसरल्यासारखं करडं लिव्हर दिसलं. खाली किडनी. दोघांच्या मधे एक काळी रेघ. स्नेहल बराच वेळ तिथून प्रोब उचलेना.

"हीच का?" मी विचारलं.

"हीच," ती म्हणाली.

मी ज्या बाजूला उभी होते तिथून पडदा तिरका दिसत होता. पुढे होऊन बघावं असं वाटलं, तेवढ्यात मुलं आली.

आठ जण होते. आधी तन्वीचा खोटा प्रोब उशीवर फिरवून मनगट सैल करायचं, मग ठोकळ्यावर. मॅडम मागे खुर्ची घेऊन बसल्या. माझ्या हातात उत्तरांचा कागद होता. परीक्षेत नववीच्या पुढे कधी न गेलेल्या बाईच्या हातात डॉक्टरांचे मार्क.

एका उंच मुलाने चौथ्या ठोकळ्यावर एका मिनिटात जाहीर केलं, "आहे मॅडम. रक्त आहे. ऑपरेशन."

"ताई, चारमधे?"

"काही नाही," मी म्हणाले.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या माणसाचं पोट उघडलंस."

"सॉरी म्हण पेशंटला," मागून कुणीतरी बोललं. त्याने खरोखर जेलीला नमस्कार केला, मग सगळे हसले. त्याने प्रोब परत टेकवला आणि या वेळी बराच वेळ बघत राहिला. मॅडमनी त्याला घाई केली नाही.

बीडची अंकिता नावाची एक मुलगी होती. पहिल्या दोन वेळा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर, चौथ्यांदा बरोबर. पाचव्या वेळी तिने अर्ध्या मिनिटाच्या आत मान हलवली. हात तयार होताना मी पहिल्यांदाच बघत होते. चपातीसारखंच आहे. शिकवणारीला एक दिवस कळतं, की आता हिला सांगायला नको.

मुलांचं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही बघणार? तुमचंच आहे."

मी दोन नंबरचा ठोकळा घेतला. त्यात रेघ होती. दुपारी मीच पिशवी ठेवली होती, डावीकडे, डब्याच्या कडेपासून तीन बोटं आत. प्रोब टेकवला. पडद्यावर करडं काहीतरी हललं आणि गेलं. थोडा सरकवला. किडनी आली, मग तीही गेली. हात सरळ ठेवला तर चित्र वाकडं, हात वाकडा केला तर चित्रच नाही. मी डब्यात बघून प्रोब लावायची, पडद्याकडे मान वळवेपर्यंत हात घसरायचा. पुन्हा जेल लावलं, पुन्हा टेकवला.

"मला दिसत नाहीये," मी म्हणाले.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. त्या दिवशी मिस्टरांच्या पोटावर प्रोब फिरवणारा डॉक्टर चोवीस-पंचवीसचा असेल. त्याने दोनदा टेकवला, दोनदा उचलला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला नीट दिसत नाहीये. मोठ्या डॉक्टरांना बोलावलंय." अडीच वर्षं मी त्याला मनातल्या मनात विचारत होते, तुला दिसत कसं नाही? समोर मशीन, समोर माणूस, आणि तुला दिसत नाही? इथे पेशंट जेलीचा होता. त्याला दुखत नव्हतं, त्याची बायको शेजारी उभी नव्हती, आणि रेघ माझ्याच हाताने ठेवलेली होती. तरी मला सापडत नव्हती.

अंकिताने माझं मनगट धरलं. "मावशी, डब्याकडे बघू नका. पडद्याकडे बघा. करंगळी जेलीवर टेकवा, म्हणजे हात हलणार नाही. आता एकदम थोडं फिरवा. अजून. थांबा."

रेघ आली. मला वाटलं होतं रुंद असेल. नखाएवढी होती.

मी किती वेळ बघत राहिले माहीत नाही. स्नेहल माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवायची तशी. ती तिच्या मामाची लाडकी होती.

मॅडमनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घातला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"दर शुक्रवारी तीन वाजता," त्या म्हणाल्या. "ताई, दहा ठोकळे जमतील?"

स्नेहलने हळूच माझ्या पायावर पाय दिला.

"आठ," मी म्हणाले.

"आठ. आणि गाळू नका."

परतीचा रस्ता तोच, उलटा, फक्त पवई वगळून. ठोकळे तिथल्या फ्रिजमधे राहिले, त्यामुळे बॅग रिकामी. तपासणीच्या यंत्रातून ती पटकन निघून गेली. अंधेरीला मेट्रो बदलताना स्नेहल जयभीम म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. घाटकोपरला पोहोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कुणाला हा प्रवास करायचा असेल तर एका दिवसातही होतो. मेट्रो, रिक्षा, बस आणि जेवण धरून माझे दोन दिवसांचे पाचशेच्या आत गेले. बांगडे वेगळे.

आता घरी बसून हे लिहिते आहे. माझं दुःख जितकं होतं तितकंच आहे. ते रोज सकाळी माझ्याबरोबर उठतं, आणि त्याची मला सवय आहे. रागाबद्दल मात्र लिहायला हवं. राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तो इतके दिवस त्या तरुण डॉक्टरच्या अंगावर बसला होता, आणि आता तिथे बसत नाही. त्याच्या हातात मशीन देणाऱ्यांनी त्याला आधी जेलीवर चुकू द्यायला हवं होतं. तो जे बोलला ते खरं होतं. त्या दिवशी तिथे एवढं खरं दुसरं कुणी बोललं नाही.

त्याचं नाव मला माहीत आहे, कागदांवर वाचलेलं. शोधला तर सापडेल. मी शोधणार नाही. पण तो जिथे असेल तिथे कुणीतरी त्याचं मनगट धरून शिकवलं असेल, आणि त्याला आता ती रेघ दिसत असेल, असं व्हायला हवं. त्याचं भलं व्हावं असं मला आज पहिल्यांदा वाटलं.